रीडिंग एकदम खाली आलं: सेन्सर मेला, की मशीन खरंच सुधारलं?

प्रश्न थोडक्यात असा: साखर कारखान्यात बॉयलरच्या आयडी फॅनवर (भट्टीतला धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा) चार व्हायब्रेशन सेन्सर कायमचे बसवलेले आहेत. दोन दिवसांच्या शटडाऊननंतर फॅनच्या ड्राइव्ह एंड (मोटरकडच्या टोकाच्या) बेअरिंगचं रीडिंग ३.२ मि.मी./सेकंदवरून थेट ०.३ वर आलं. फोरमन म्हणतात, ग्रीसिंग छान झालं. प्रश्न विचारणाऱ्या मेंटेनन्स इंजिनिअरला वाटतं, सेन्सर गेला. त्यांनी सेन्सर काढून मल्टीमीटरवर ओहम मोजले, काही किलोओहम आले. सेन्सर चालू आहे की नाही हे कसं ओळखायचं, आणि नवा मागवायचा का?

नवा मागवू नका. निदान आज तरी नाही.

पहिली गोष्ट, तुमची शंका रास्त आहे. वाढलेल्या रीडिंगला सगळे घाबरतात, पडलेल्या रीडिंगला कोणी विचारत नाही. मी या कामात नवा होतो तेव्हा एका वीजकेंद्रात कूलिंग वॉटर पंपाचं रीडिंग असंच एका रात्रीत खाली आलं होतं. आम्ही लॉगबुकात ‘सुधारणा’ असं लिहून मोकळे झालो. अकराव्या दिवशी बेअरिंग लांबून ऐकू येईल इतकं ओरडायला लागलं. पडद्यावर तेव्हाही हिरवा दिवाच होता. कनेक्टर उघडला तर आतून चमचाभर पाणी निघालं, दोन्ही पिनांवर हिरवट थर. सेन्सर बिचारा ठणठणीत होता, त्याचं म्हणणं पॅनेलपर्यंत पोहोचत नव्हतं, इतकंच.

आता हात लावण्याआधीचं. तुम्ही सेन्सर काढून ओहम मोजलेत, तेव्हा फॅन बंद होता अशी आशा करतो. आयडी फॅन ट्रिप झाला (आपोआप बंद पडला) की भट्टीत हवा ढकलणारा एफडी फॅन जातो, बगॅस (उसाचं चिपाड) फीडिंग थांबतं, बॉयलर बसतो आणि ऐन हंगामात गाळप थांबलं म्हणून चीफ इंजिनिअर तुम्हाला शोधत येतात. व्हायब्रेशन वाढताच फॅन ट्रिप करणारा इंटरलॉक असेल तर आधी तो तात्पुरता रोखायची लेखी परवानगी, म्हणजे बायपास, घ्या. सेन्सर काढताना तर ट्रिप येऊ शकतोच, परत जोडतानाही येऊ शकतो. जोडल्यावर त्याचा डीसी व्होल्टेज शून्यातून वर चढून स्थिरावायला काही सेकंद घेतो, आणि तेवढ्या वेळात मॉनिटर ती उडी व्हायब्रेशन समजून काटा टोकाला नेतो. काम संपल्यावर बायपास काढल्याची नोंदही तुमच्याच सहीनं करा.

ओहमचं रीडिंग विसरून जा. तुमच्याकडचा सेन्सर बहुधा दोन पिनांचा, १०० मिलिव्होल्ट प्रति जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरणाएवढं त्वरण) संवेदनशीलतेचा पीझो अ‍ॅक्सेलरोमीटर असणार, कारखान्यांत बहुतेक ठिकाणी तोच असतो. त्याच्या आत त्वरणाचं विजेत रूपांतर करणारा क्रिस्टल आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. मल्टीमीटरचा ओहम मोड त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्वतःचा थोडासा करंट ढकलतो आणि जे दिसेल तो आकडा दाखवतो. मीटर बदला, प्रोब उलटे धरा, आकडा बदलेल. त्यावरून ना चांगला कळतो ना वाईट.

ज्यावरून कळतं तो बायस व्होल्टेज, आणि तो मोजताना सेन्सर जोडलेला आणि सप्लाय चालू हवा. मॉनिटर किंवा पॅनेल सेन्सरला साधारण २४ व्होल्टच्या सप्लायवरून २ ते १० मिलिअँपिअर एवढा ठरलेला, स्थिर करंट देतो. त्याच दोन तारांवरून सिग्नल परत येतो. हौदातल्या पाण्यासारखं समजा: पाण्याची पातळी म्हणजे बायस, त्यावरच्या लाटा म्हणजे व्हायब्रेशन. पातळी मध्यावर असेल तर लाट वर-खाली मोकळी हलते. पातळी तळाला गेली किंवा झाकणाला टेकली तर लाटेला जागाच उरत नाही.

जंक्शन बॉक्स उघडा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि त्या चॅनेलच्या सिग्नल व कॉमन टर्मिनलवर प्रोब लावा. बहुतेक सेन्सरांना १० ते १२ व्होल्ट दिसतात, काही मॉडेलना ८ किंवा १४ सुद्धा चालतात, ते डेटाशीटवर लिहिलेलं असतं. आकडा तिथे असेल आणि हलत नसेल, तर सेन्सरला करंट मिळतोय, तार सलग आहे आणि आतला अ‍ॅम्प्लिफायर जागा आहे. पूर्ण सप्लायइतका, म्हणजे २४ च्या आसपास दिसला, तर लाइन कुठेतरी तुटली आहे: पिन मागे सरकली असेल, टर्मिनल सैल असेल, केबल तुटली असेल. शून्याजवळ दिसला तर शॉर्ट आहे किंवा सप्लायच नाही. हे दोन वेगळे ओळखायला सेन्सरचा कनेक्टर काढा. मीटर २४ वर उडाला तर सप्लाय आणि केबल शाबूत, दोष सेन्सरात. तरीही शून्यच, तर टर्मिनलवर फील्डकडची तार सोडवा. आता २४ आले तर केबलमध्ये शॉर्ट, नाहीच आले तर मागे पॅनेलकडे चला. आकडा मधेच अडकला असेल, ३-४ व्होल्टवर, तर आतला अ‍ॅम्प्लिफायर दुखावला आहे किंवा ओल शिरली आहे. माझ्या त्या पंपावर साडेतीन होते आणि तेही स्थिर नव्हते. हलता बायस दिसला की मी सेन्सरकडे बघतही नाही, आधी कनेक्टर उघडतो.

खरं सांगायचं तर ‘सेन्सर खराब’ म्हणून मला जे दाखवले जातात, त्यांतले बरेचसे केबल आणि कनेक्टरचे बळी असतात. एका कारखान्यात एकाच पॉइंटवर लागोपाठ तीन सेन्सर बदलून झाले होते, चौथ्याची ऑर्डर तयार होती. मी केबलवर हात ठेवून ट्रेच्या कडेनं चालत गेलो. भिंतीतून ट्रे आत वळतो तिथे उंदरांनी बाहेरचं आवरण आणि शील्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) कुरतडून आतली एक तार उघडी पाडली होती. ट्रे थरथरला की ती ट्रेला टेकायची, फॅन थांबला की सुटायची. म्हणजे मशीन बंद करून तपासलं की सगळं उत्तम! साखर कारखान्यात उंदरांना काय कमी? ती केबल बदलली, आणि काढून ठेवलेले तिन्ही जुने सेन्सर तपासले तर तिन्ही चांगले निघाले. तेव्हापासून बायस बघताना मी दुसऱ्या हातानं केबल हळूच हलवतो, विशेषतः कनेक्टरपासूनची पहिली वीतभर आणि ग्लँडजवळचा (केबल बॉक्समध्ये शिरते तिथला) भाग. मीटर नाचला की जागा सापडली.

तुमच्याकडे शटडाऊन झालं होतं, म्हणून दोन प्रश्न मुद्दाम विचारतो. इलेक्ट्रिकलच्या कोणी केबल मेगर केल्या का, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासलं का? सेन्सर जोडलेला असताना ५०० व्होल्टचा मेगर लावला तर आतला अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. आणि फॅनच्या केसिंगवर वेल्डिंग झालं का? अर्थिंगचा क्लॅम्प लांब कुठेतरी लावून वेल्डिंग केलं की परतीचा करंट मिळेल त्या वाटेनं जातो, सेन्सरच्या बॉडीतून आणि केबलच्या शील्डमधूनसुद्धा. वेल्डिंगआधी सेन्सर काढून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

आता महत्त्वाची अडचण. समजा, तुमचा बायस ११.६ आला, स्थिर. लोक इथे थांबतात आणि ‘सेन्सर ओके’ लिहितात. बायसवरून एवढंच कळतं की सेन्सर जिवंत आहे. तो खरं बोलतोय की नाही, हे कळत नाही. क्रिस्टलला तडा गेला असेल, स्टड सैल असेल, पॅनेलमध्ये संवेदनशीलता चुकीची भरली असेल, तरी बायस देखणाच दिसणार.

मल्टीमीटर एसीवर लावून सिग्नल बघू म्हणाल, तर हिशेब करून बघा. फॅन ९९० आरपीएमला फिरतो असं धरू, म्हणजे १६.५ हर्ट्झ. या फ्रीक्वेन्सीला ३.२ मि.मी./सेकंद आरएमएस (लाटेची एक प्रकारची सरासरी) म्हणजे साधारण ०.०३४ जी. १०० मिलिव्होल्ट प्रति जी धरले तर सिग्नल झाला ३.४ मिलिव्होल्ट. बारा व्होल्टच्या हौदात एवढीशी लाट! हातातला साधा मीटर ती धड दाखवत नाही. उलट बाजूनंही बघा: ५० हर्ट्झचा फक्त १० मिलिव्होल्टचा हम (विजेच्या लाइनची गुणगुण) केबलमध्ये घुसला, तर मॉनिटर तो ३.१ मि.मी./सेकंद म्हणून दाखवेल. तुमचं जुनं ३.२ खरं होतं का, हाही प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे. शटडाऊनमध्ये कोणी शील्डचं अर्थिंग नीट केलं असेल, तर पडलेलं रीडिंग हेच खरं आणि आधीचं खोटं, असंही होऊ शकतं. शील्डला एकाच टोकाला अर्थ द्यायचा, शक्यतो पॅनेलकडे. दोन्ही टोकांना दिला की ग्राउंड लूप तयार होतो, म्हणजे शील्डमधूनच नको तो करंट फिरायला लागतो. मशीन थांबलेलं असताना स्पेक्ट्रममध्ये (फ्रीक्वेन्सीनुसार मांडलेल्या आलेखात) ५० हर्ट्झची काठी तशीच उभी राहिली, तर ती व्हायब्रेशनची नाही. फॅन व्हीएफडीवर (मोटरचा स्पीड बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर सेन्सरची केबल मोटरच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून आली आहे का तेही पाहा.

खरं-खोटं ठरवायला तुलना लागते. सगळ्यात स्वस्त तुलना तुमच्या डोळ्यांसमोरच आहे: त्याच शाफ्टवरचं नॉन-ड्राइव्ह एंडचं बेअरिंग. ते शटडाऊनआधी २.५ असेल आणि आजही २.४ असेल, तर एकाच शाफ्टचं एक टोक अचानक संत झालं यावर मी विश्वास ठेवणार नाही. दोन्ही टोकं सारख्या प्रमाणात खाली आली असतील तर मात्र फोरमनचं ऐकून घ्या. ग्रीसिंगनं एवढा फरक पडत नाही, पण शटडाऊनमध्ये इम्पेलर (फॅनचं पात्यांचं चाक) साफ केला असेल तर पडतो. बगॅसची राख ब्लेडवर पापुद्र्यासारखी बसते, तिचा एक तुकडा सुटला की इम्पेलर अनबॅलन्स होतो, आणि खरवडून काढली की रीडिंग झपकन उतरतं. शिवाय फॅनचा स्पीड तोच आहे का? व्हीएफडीवर ९९० ऐवजी ७०० आरपीएमला चालत असेल, तर अनबॅलन्समुळे येणारा व्हायब्रेशनचा वेग निम्म्याहूनही खाली जातो. या सगळ्यानंतरही ०.३ मला पटत नाही. शेजारची मशिनं चालू असताना बंद फॅनच्या हाउसिंगवरही एवढं रीडिंग सहज मिळतं.

दुसरी तुलना पोर्टेबल व्हायब्रेशन मीटरची. आपल्या सेन्सरला लागून, त्याच दिशेत, घासून साफ केलेल्या सपाट जागेवर त्याच्या सेन्सरचं मॅग्नेट लावा. रंगाच्या जाड थरावर नको, पातळ पत्र्याच्या कव्हरवर तर नकोच, नाहीतर बेअरिंगऐवजी पत्र्याचं गाणं ऐकाल. हाउसिंग गरम असेल तर सेन्सर तापून स्थिरावेपर्यंत थोडा वेळ थांबा. युनिट सारखं आहे का बघा: एकीकडे आरएमएस आणि दुसरीकडे पीक (लाटेचं टोक) असेल, तर शुद्ध साइन लाटेलाही १.४१ पटीचा फरक येतो. फ्रीक्वेन्सी रेंजही सारखी ठेवा. दोन्ही आकडे १०-१५ टक्क्यांत जुळले तर मी खूश असतो. साध्या औद्योगिक सेन्सरांच्या संवेदनशीलतेलाच ५ ते २० टक्क्यांची सूट दिलेली असते, त्यामुळे दशांशाच्या पुढच्या आकड्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

तिसरी अदलाबदल. ड्राइव्ह एंडचा सेन्सर नॉन-ड्राइव्हवर आणि तिकडचा इकडे, केबल जागच्या जागी. कमी रीडिंग सेन्सरबरोबर गेलं तर सेन्सर दोषी. तिथेच राहिलं तर केबल, चॅनेल, सेटिंग किंवा खुद्द मशीन. एवढा सोपा, बिनखर्चाचा उपाय असून लोक तो सगळ्यात शेवटी करतात, का ते मला कळलेलं नाही.

ही अदलाबदल करताना सेन्सरच्या बॉडीवर कोरलेला मॉडेल नंबर वाचा. तुमच्या प्रश्नात माझी नजर अडकली ती इथे. ३.२ चे ०.३, म्हणजे जवळजवळ बरोबर दहावा भाग. शटडाऊनमध्ये जुन्या सेन्सरला धक्का लागला आणि कोणीतरी स्टोअरमधून ‘तसाच दिसणारा’ आणून लावला, असं झालंय का? १०० ऐवजी १० मिलिव्होल्ट प्रति जीचा सेन्सर लागला, तर पॅनेलला कळत नाही, ते आपलं १०० नंच भागत राहतं आणि दहावा भाग दाखवतं. बायस अगदी ठीक, केबल ठीक, सेन्सरही चांगला, आणि रीडिंग शुद्ध खोटं. याच चुकीचा उलटा नमुना मी कूलिंग टॉवरच्या फॅनवर पाहिला आहे. मंद गतीच्या त्या फॅनसाठी आणलेला ५०० चा सेन्सर १०० च्या चॅनेलवर लागला होता आणि आकडा पाचपट होऊन सगळे धावपळ करत होते. तिथे निदान धावपळ तरी झाली. तुमच्याकडे उलटी चूक असेल तर बेअरिंग खरोखर खराब होऊन ट्रिपची मर्यादा ओलांडेल, तेव्हाही पडद्यावर एकच्या आसपासचाच आकडा दिसेल.

बसवणीबद्दल थोडं. स्टड सैल असला तरी कमी फ्रीक्वेन्सीचं रीडिंग बऱ्याचदा ठीक येतं, म्हणून शंका येत नाही. बेअरिंगच्या दोषांची सुरुवातीची चिन्हं मात्र वरच्या फ्रीक्वेन्सीत असतात, तीच हरवतात. सेन्सर काढा, खालची जागा कापडानं पुसा, सपाट आहे का पाहा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि डेटाशीटमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचनं घट्ट करा. पान्ह्यावर पाय देऊन नव्हे.

टिचकी चाचणीही सांगतो, कारण ती नेहमी चुकीच्या पद्धतीनं होते. फॅन बंद असताना, सेन्सरपासून हातभर अंतरावर हाउसिंगवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका आणि मॉनिटरवर टाइम वेव्हफॉर्म (वेळेनुसार सिग्नलची लाट) पाहा. ती शून्याच्या दोन्ही बाजूंना उसळून लगेच विझली पाहिजे. एकाच बाजूला उसळून सावकाश सरपटत परत आली, तर बायस किंवा कनेक्शनमध्ये गडबड आहे. अशा वेळी स्पेक्ट्रममध्येही डाव्या टोकाला, शून्याजवळ, मोठा चढ आणि मग घसरगुंडी दिसते. ती मशीनची नसते. हातोडीनं थेट सेन्सरवर मात्र कधीही ठोकू नका. काँक्रीटवर पडलेला सेन्सरही मी संशयितांत धरतो. कडक फरशीवर पडताना क्षणभर हजारो जीचा धक्का बसू शकतो, आणि वरून ओरखडाही दिसत नाही.

पुरावा म्हणून आकडा हवा असेल तर हातात धरायचा छोटा शेकर मिळतो. त्यांतले बरेच १५९.२ हर्ट्झला हलतात. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला आहे: कोनीय वेग बरोबर १००० रेडियन प्रति सेकंद येतो. त्यामुळे शेकरनं १० मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण दिलं, की वेग १० मि.मी./सेकंद आणि विस्थापन १० मायक्रॉन, सगळीकडे दहाच. सेन्सर त्याच्या स्वतःच्या केबलला जोडलेला ठेवूनच शेकरवर बसवा, म्हणजे सेन्सरपासून पडद्यापर्यंतची अख्खी साखळी तपासली जाते. पडद्यावर १ आला तर वर सांगितलेली दहापटीची चूक रंगेहाथ सापडली. विकत घ्यायची गरज नाही, कॅलिब्रेशनवाले भाड्यानं घेऊन येतात. कागदावर दाखला हवा असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवा.

तुमच्याकडे दोन पिनांचा अ‍ॅक्सेलरोमीटर नसून रीडिंग करंटच्या रूपात पाठवणारा ४-२० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर असेल, तर बायसचं सगळं बाजूला ठेवा आणि लूपमध्ये सिरीजमध्ये मीटर लावा. ०-२५ च्या स्केलवर ३.२ म्हणजे ६.०५ मिलिअँपिअर आणि ०.३ म्हणजे ४.१९. मीटर सहा दाखवतोय आणि स्क्रीन ०.३, तर गुन्हेगार पीएलसीचं (पॅनेलमधल्या कंट्रोल कॉम्प्युटरचं) स्केलिंग आहे. ३.६ च्या खाली असेल तर तो दोषाचा इशारा समजा.

आणि टर्बाइनवरच्या प्रॉक्सिमिटी प्रोबना (शाफ्टला न टेकता त्याचं अंतर मोजणाऱ्या) यातलं काहीच लावू नका. त्यांचा सप्लाय उणे २४ व्होल्ट असतो, तिथे बघायचा तो गॅप व्होल्टेज, नेहमीच्या ८ मि.मी. प्रोबला उणे १० च्या आसपास, आणि एक मिलिमीटरला ७.८७ व्होल्ट बदल. जास्तीची वाटली म्हणून एक्स्टेन्शन केबल कापून आखूड केलेली मी पाहिली आहे. प्रोब, केबल आणि प्रॉक्सिमिटर (प्रोबचा इलेक्ट्रॉनिक डबा) मिळून ५ किंवा ९ मीटरला जुळवलेले असतात, केबल कापली की कॅलिब्रेशन गेलं.

तर तीन गोष्टी कळवा: सेन्सर जोडलेला असताना जंक्शन बॉक्सवरचा डीसी व्होल्टेज, बॉडीवरचा मॉडेल नंबर, आणि पोर्टेबलचं शेजारचं रीडिंग, सोबत त्या वेळचा आरपीएम. पोर्टेबलही ०.३ च दाखवत असेल आणि इम्पेलर खरोखर साफ केलेला असेल, तर फोरमनना चहा तुमच्याकडून. तोवर त्या पॉइंटचं रीडिंग पडद्यावरून घेऊ नका. दर पाळीला एकदा पोर्टेबल घेऊन माणूस पाठवा, बेअरिंगचं तापमान लिहायला सांगा, आणि स्टोअरमधून तो सेन्सर नक्की कोणी काढला याची इश्यू स्लिप शोधा.